परक्या तिजोरीचा इमानी राखणदार

सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकविताना करविषयक कामाचे तीन भाग मी विद्यार्थ्यांपुढे मांडत असतो. कर किती असावा हे ठरविणे, ठरलेला कर वसूल करणे आणि वसूल झालेला पैसा खर्च करणे. स्वतंत्र राष्ट्रात ही तिन्ही कामे एकाच सत्तेकडे असतात. त्यामुळे त्यांतील भेद सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पण एखाद्या देशात कराचा दर एकाने ठरवावा, वसुली दुसऱ्याने करावी आणि पैसा तिसऱ्याच्या खिशात जावा असे घडले तर त्या देशाचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात मिळणे कठीण. ते एका माणसाच्या चरित्रात मात्र स्पष्ट दिसते. तो माणूस म्हणजे चिनी साम्राज्याच्या सागरी जकात खात्याचे महानिरीक्षक सर रॉबर्ट हार्ट.

१८६३ ते १९११ अशी ४८ वर्षे हे पद हार्ट यांच्या नावावर होते. ते स्वतः ब्रिटिश प्रजाजन, पण चाकरी चीनच्या बादशहाची. आयुष्यभर त्यांनी एका परक्या तिजोरीची राखण केली, आणि ती इमानाने केली. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या तिजोरीला सर्वांत मोठे भगदाड पाडावयास त्यांचाच देश पुढे आला. त्या वेळी या इमानाची जी परीक्षा झाली तिचा विचार आजही उपयोगी पडेल असे वाटते.

पोर्टाडाउन ते पेकिंग

हार्ट यांचा जन्म २० फेब्रुवारी १८३५ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातील पोर्टाडाउन या गावी झाला. घराणे मेथॉडिस्ट पंथाचे, वळण कडक. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजातून पदवी घेऊन १८५४ साली ते ब्रिटिश वकिलातीच्या सेवेत उमेदवार दुभाषे म्हणून चीनला गेले. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणीस होते. निंगपो आणि कँटन येथे त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली. ती नुसती कामापुरती शिकली नाही, तर चिनी अधिकाऱ्यांच्या शिष्टाचारासह आणि विचार करण्याच्या पद्धतीसह आत्मसात केली.

ज्या खात्यात त्यांची हयात जावयाची होती त्याचा जन्मही १८५४ सालचाच. आदल्या वर्षी शांघाय शहर बंडखोरांच्या हाती पडले आणि तेथील जकात कचेरी कोलमडली. परदेशी व्यापाऱ्यांकडून जकात घ्यावयास कोणी उरले नाही. तेव्हा ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकन वकिलांनी चिनी अधिकाऱ्यांशी बोलून वसुलीसाठी परदेशी निरीक्षक नेमले. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय पुढे सर्व खुल्या बंदरांना लागू झाली. १८५९ साली हार्ट यांनी ब्रिटिश सेवेचा राजीनामा दिला आणि कँटनला या खात्यात प्रवेश केला.

खात्याचे पहिले प्रमुख होरेशिओ नेल्सन ले. स्वतःला चिनी सरकारचा नोकर न समजता सल्लागार आणि वरिष्ठ समजण्याची चूक त्यांनी केली. चीनसाठी इंग्लंडात युद्धनौकांचा ताफा उभारला तो असा की त्याचा सेनापती बादशहाचे हुकूम ले यांच्यामार्फत आले तरच मानणार! पेकिंगच्या दरबाराने ताफा परत पाठविला आणि १८६३ साली ले यांना निरोप दिला. त्यांच्या जागी अठ्ठावीस वर्षांचे हार्ट आले.

ले यांच्या पतनापासून हार्ट जो धडा शिकले तो त्यांनी दुसऱ्याच वर्षी एका परिपत्रकाने आपल्या सर्व परदेशी सहकाऱ्यांना शिकविला. आपण चिनी सरकारचे पगारी नोकर आहोत, चिनी सहकाऱ्यांशी आणि प्रजेशी त्या नात्याने वागले पाहिजे, हा त्याचा आशय होता. सरकारी परिपत्रके फायलीत जातात आणि तेथेच राहतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव. या परिपत्रकाने मात्र खात्याला वळण लावले.

पुढील तीस वर्षांत या खात्याने जे उभे केले ते थक्क करणारे आहे. १८६०-७० च्या दशकाच्या मध्यास जकातीचे वार्षिक उत्पन्न सुमारे ८० लाख ताएल होते. (ताएल म्हणजे चांदीचे चिनी वजनी परिमाण.) १८९९ साली ते २ कोटी ६० लाखांच्या वर गेले. किनाऱ्यावर दीपगृहे उभी राहिली, व्यापाराची आकडेवारी दरवर्षी छापून निघू लागली, १८९६ साली सरकारी टपाल खाते याच खात्याच्या कुशीत जन्मास आले. वशिला आणि लाच यांनी पोखरलेल्या राज्ययंत्रणेत ज्याचे हिशेब जुळतात असे हे खाते होते.

परंतु या गौरवाला दोन मोठ्या मर्यादा होत्या. पहिली अशी की जकातीचा दर चीनने ठरविलेला नव्हता. अफूच्या युद्धांनंतर लादलेल्या तहांनी तो मालाच्या मूल्याच्या शेकडा ५ असा बांधून टाकला होता, आणि चीनला तो एकतर्फी वाढविता येत नव्हता. दुसरी अशी की खात्यातील जबाबदारीच्या जागा परदेशीयांच्याच हाती राहिल्या. चिनी कारकून हजारोंनी होते, पण हार्ट यांच्या कारकीर्दीत एकही चिनी माणूस बंदराचा आयुक्त झाला नाही. ज्या १८६३ साली हार्ट महानिरीक्षक झाले त्याच साली सत्येंद्रनाथ टागोर सनदी सेवेची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे मुंबई इलाख्यात न्यायाधीश म्हणून राहिले. परतंत्र हिंदुस्थानात जे दार किलकिले झाले ते नावाला स्वतंत्र असलेल्या चीनमध्ये बंदच राहिले.

अफू, हाँगकाँग आणि मकाव

जकात खात्याचे खरे दुखणे दक्षिणेस, कँटन नदीच्या मुखाशी होते. एका बाजूस १८४२ च्या तहाने ब्रिटनकडे गेलेले हाँगकाँग, दुसऱ्या बाजूस सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांची वस्ती असलेले मकाव. हाँगकाँग मुक्त बंदर असल्याने तेथे येणाऱ्या मालावर जकात नाही. मोठ्या जहाजांतून आलेला माल तेथे उतरावयाचा, लहानसहान चिनी गलबतांत भरावयाचा आणि रात्रीच्या वेळी किनाऱ्यावरील शेकडो खाड्यांपैकी एखादीत शिरावयाचे, असा हा धंदा होता. त्यात सर्वांत किफायतशीर माल अफूचा. वजनाला हलकी, किमतीला भारी आणि करही भारी!

या अफूचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातूनच चीनकडे जात असे आणि मुंबईतील कित्येक पेढ्यांचे वैभव त्या व्यापारावर उभे राहिले. चोरट्या अफूचे दुखणे मुंबई सरकारलाही अपरिचित नव्हते. कंपनीचा परवाना चुकविण्यासाठी माळव्याची अफू राजपुतान्यातून सिंधमध्ये आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला जाई. ही वाट उघडी होती तोवर मुंबईचा परवाना पेटीमागे १२५ रुपयांच्या वर नेण्याची सोय नव्हती. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या ताब्यात आले, वाट बंद झाली आणि चार वर्षांत परवान्याचा दर ४०० रुपयांवर गेला. शेजारी परक्याचे बंदर असले म्हणजे आपल्या कराचा दर आपल्या हाती राहत नाही, हा नियम इंग्रजांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होता. चीनच्या बाबतीत मात्र ते दमणच्या जागी होते.

हाँगकाँगभोवती चिनी अधिकाऱ्यांनी नाकी बसविली, गस्तीची जहाजे ठेवली, तेव्हा वसाहतीतील व्यापाऱ्यांनी बंदराला वेढा पडल्याची ओरड केली. ही ओरड वर्षानुवर्षे चालू राहिली. अखेर १८८५ साली झालेल्या करारान्वये परदेशी अफूवर आयात जकात ३० ताएल आणि अंतर्गत कर ८० ताएल असे दर पिकुलास, म्हणजे सुमारे ६० किलो वजनास, ११० ताएल एकाच ठिकाणी घेण्याचे ठरले. वसुलीची जबाबदारी हार्ट यांच्यावर आली.

१८८६ साली हार्ट स्वतः हाँगकाँग आणि मकाव येथे गेले. हाँगकाँगने अफूच्या प्रत्येक पेटीच्या हालचालीची नोंद ठेवावी आणि पेटीहून कमी मालाचा व्यापार बंद करावा असा करार त्यांनी मिळविला. पण मकावनेही तसेच केले पाहिजे अशी हाँगकाँगची अट होती, आणि मकावचे सहकार्य फुकट मिळणार नव्हते. पोर्तुगालला हवा होता तो मकाववरील कायमच्या ताब्याचा आणि कारभाराचा हक्क. हार्ट यांनी आपले लंडनमधील प्रतिनिधी कॅम्पबेल यांच्याकरवी १८८७ च्या मार्चमध्ये लिस्बन येथे तसा मसुदा करविला आणि वर्षअखेर तह झाला. शतकानुशतके न दिलेली मान्यता चीनने अफूच्या उत्पन्नासाठी दिली. एप्रिल १८८७ मध्ये कौलून आणि लाप्पा ही दोन नवी जकात केंद्रे सुरू झाली. हाँगकाँगभोवतालची माव्हान, चेउंग चाउ, फाट ताउ चाउ आणि कौलून शहर ही चार नाकी हार्ट यांच्या खात्याकडे आली. कौलूनच्या जमिनीवरील सीमेला बांबूचे कुंपणही घालण्यात आले. गळती पुरती थांबली नाही, पण आटोक्यात आली.

१८९८ चा भाडेपट्टा

त्यानंतर दहा वर्षांत सारे चित्र पालटले. १८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनचा पराभव केला. २० कोटी ताएल युद्धखंडणी आणि लियाओतुंग द्वीपकल्प परत मिळविण्यासाठी आणखी ३ कोटी, एवढी रक्कम चीनला द्यावयाची होती. वर्षाची सारी जकात जमेस धरली तरी दहा वर्षांचे उत्पन्न! साहजिकच कर्जे काढावी लागली. १८९५ साली रशिया आणि फ्रान्स यांच्याकडून, १८९६ साली आणि पुन्हा मार्च १८९८ मध्ये ब्रिटिश व जर्मन बँकांकडून. तिन्ही वेळा तारण एकच होते, हार्ट यांच्या खात्याचे उत्पन्न. त्यातच चांदीचा भाव घसरत होता. पूर्वी सहा शिलिंगांहून अधिक मोलाचा ताएल आता तीन शिलिंगांच्याही खाली आला होता. जकात चांदीत यावयाची आणि हप्ता सोन्यात फेडावयाचा. रुपयाच्या घसरत्या हुंडणावळीने हिंदुस्थानच्या तिजोरीचे जे हाल केले, तेच चीनचे झाले.

येथे हार्ट यांच्या जीवनातील मुख्य विसंगती दिसते. त्यांचे खाते अप्रामाणिक असते तर त्याच्या तारणावर युरोपातील सावकारांनी एक पौंडही दिला नसता. खाते चोख म्हणून पत वाढली, पत वाढली म्हणून कर्ज वाढले, आणि कर्ज वाढले म्हणून चीनच्या उत्पन्नाचा सर्वांत भरवशाचा भाग गहाण पडला.

याच वेळी भाडेपट्ट्यांची साथ आली. १८९८ च्या मार्चमध्ये जर्मनीने कियाउचौ आणि रशियाने पोर्ट आर्थर घेतले. फ्रान्सने दक्षिणेस क्वांगचाउवान मागितले. ब्रिटनने ९ जून १८९८ रोजी हाँगकाँगच्या मागील प्रदेश आणि दोनशेहून अधिक बेटे ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली. नकाशावर नजर टाकताच हार्ट यांना जे दिसले असेल ते उघड आहे. चारही जकात नाकी या नव्या प्रदेशाच्या पोटात गेली होती! इतकेच नव्हे, तर मर्स बे आणि डीप बे या दोन्ही उपसागरांचे पाणी चिनी किनाऱ्याच्या भरतीरेषेपर्यंत ब्रिटिशांकडे गेले. म्हणजे चोरट्या मालाचे गलबत चिनी भूमीला टेकेपर्यंत ब्रिटिश पाण्यातच राहणार आणि जकातीच्या गस्तीनौकेला त्याला अडविता येणार नाही.

पेकिंगमधील ब्रिटिश वकील मॅकडोनल्ड यांनी चिनी उत्पन्नाच्या रक्षणाबद्दल दरबाराला आश्वासने दिली. ती अमलात यावीत म्हणून हार्ट यांनी पुष्कळ प्रयत्न केले. नाकी आहेत तेथेच राहू द्यावीत, निदान अफूवरील कर हाँगकाँगमध्येच गोळा करण्याची सोय व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. पण वसाहतीच्या सरकारला आणि व्यापाऱ्यांना ब्रिटिश ध्वजाखाली चिनी जकातदार नको होते. १८९९ च्या एप्रिलमध्ये तेथील गावकऱ्यांनी नव्या सत्तेला सशस्त्र विरोध केला, तो थोड्याच दिवसांत मोडून काढण्यात आला. त्यानंतर चिनी नाक्यांविषयीची सहनशीलता आणखीच आटली. ऑक्टोबर १८९९ मध्ये चारही नाकी उठवावी लागली. खात्याने नव्या सरहद्दीबाहेरची बेटे आणि किनारा धरून पुन्हा पहारा मांडला. सीमा लांबली, खर्च वाढला आणि चोरट्या व्यापाराला मोकळे रान मिळाले.

यातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या जकातीच्या तारणावर ब्रिटिश बँकेने मार्चमध्ये कर्ज दिले, तीच जकात बुडविण्याची सोय ब्रिटिश सरकारने जूनमध्ये केली. इतकेच काय, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, चीनच्या व्यापारात ब्रिटनचा वाटा अधिक असेल तोवर महानिरीक्षक ब्रिटिशच असावा, असे वचन ब्रिटनने घेतले होते. खाते आपल्या माणसाच्या हाती असावे, पण त्याने आपल्या दारात उभे राहू नये, अशी ही नीती!

जर्मनांची वाट वेगळी

हे अटळ होते असे मात्र म्हणता येत नाही. जर्मनांनीही कियाउचौ घेतल्यावर त्सिंगताव हे मुक्त बंदर जाहीर केले होते. परंतु १७ एप्रिल १८९९ रोजी जर्मन वकिलांनी हार्ट यांच्याशी करार केला आणि १ जुलैपासून खुद्द त्सिंगतावमध्ये चिनी जकात कचेरी सुरू झाली. आयुक्त जर्मन राष्ट्रीयत्वाचा असावा, ही अट होती. पण तो नोकर चीनचाच. वसाहतीत वापरला जाणारा माल करमुक्त राही, चीनच्या अंतर्भागात जाणाऱ्या मालाला जकात पडे. डिसेंबर १९०५ मध्ये करमुक्त भाग केवळ बंदरापुरता ठेवून जकातीचा पाचवा हिस्सा जर्मन प्रशासनाला देण्याचे ठरले. १९०७ साली जपाननेही दैरेनसाठी याच धर्तीची व्यवस्था मान्य केली.

जर्मनांना चीनविषयी अधिक प्रेम होते असे नव्हे. सरहद्दीवर प्रत्येक गाडी थांबविण्यापेक्षा बंदरातच एकदा जकात दिली की माल अंतर्भागात बिनअडथळा जातो, हा व्यवहार त्यांनी ओळखला. हाँगकाँगच्या व्यापाराचा मोठा भाग मात्र जकात चुकविण्यावरच पोसलेला होता. तेव्हा भाडेपट्ट्याच्या प्रदेशाभोवती शेजाऱ्याचे उत्पन्न राखता येते की नाही, हा प्रश्न तांत्रिक नव्हता. तो इच्छेचा होता.

किल्ली कोणाकडे?

हार्ट यांच्या खासगी जीवनातही हे दुभंगलेपण आढळते. तरुणपणी आयाओ नावाच्या चिनी स्त्रीशी त्यांचे संबंध होते. तिच्यापासून झालेल्या तीन मुलांना त्यांनी इंग्लंडला पाठविले, खर्च पुरविला, पण उघडपणे जवळ केले नाही. १८६६ साली मायदेशी जाऊन त्यांनी लग्न केले. पत्नी १८८२ साली इंग्लंडला परतली आणि पुढील अनेक वर्षे ते पेकिंगमध्ये एकटेच राहिले. १८८५ साली ब्रिटिश वकिलाचे मानाचे पद चालून आले असता, आपल्यामागे खाते भलत्याच हाती जाईल या चिंतेने त्यांनी ते शेवटी नाकारले. १९०० च्या बॉक्सर बंडात परदेशी वकिलातींना वेढा पडला, हार्ट यांचे घर आणि कचेरी जळून खाक झाली. लंडनच्या वृत्तपत्राने तर त्यांचा मृत्युलेखही छापला. वेढा उठताच पासष्ट वर्षांच्या या माणसाने पुन्हा कचेरी मांडली.

बंडानंतर ४५ कोटी ताएलची नवी खंडणी लादली गेली. तिचेही प्रमुख तारण जकातच. १९०६ साली दरबाराने एक नवे महसूल मंडळ स्थापून खाते त्याच्या देखरेखीखाली आणले. चीनच्या दृष्टीने हे योग्यच पाऊल होते. हार्ट यांना मात्र ते लागले. १९०८ साली त्यांनी पेकिंग सोडले आणि २० सप्टेंबर १९११ रोजी इंग्लंडात त्यांचा अंत झाला. अवघ्या तीन आठवड्यांनी क्रांती उसळली.

त्या क्रांतीनंतर जे घडले ते हार्ट यांच्या साऱ्या कार्यावरचे कठोर भाष्य आहे. त्यांच्या काळात खाते जकातीची आकारणी करी आणि हिशेब ठेवी. प्रत्यक्ष भरणा चिनी अधिकाऱ्यांच्या बँकांत होई. १९११ नंतर सावकारांचे हित राखण्यासाठी भरणाही परदेशी बँकांत होऊ लागला. वही तर परक्याच्या हाती होतीच, आता किल्लीही गेली. स्वतःचे जकातीचे दर ठरविण्याचा अधिकार चीनला १९२९-३० पर्यंत मिळाला नाही. आपण तरी कोठे वेगळे होतो? मुंबईच्या गिरण्यांचे सूत हाँगकाँगमार्गे चीनला जाई, आणि त्याच गिरण्यांच्या कापडावर मँचेस्टरच्या समाधानासाठी १८९६ साली शेकडा साडेतीन अबकारी कर बसला. तो उठावयास १९२५-२६ साल उजाडले.

हार्ट यांना दोष देणे सोपे आहे आणि त्यांना देवत्व देणेही सोपे आहे. दोन्ही टाळले पाहिजे. परक्याच्या नोकरीत निष्ठा कशी राखावी याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला, हे निर्विवाद. पण प्रामाणिक वसुली हा कर ठरविण्याच्या हक्काला पर्याय होऊ शकत नाही. तो हक्क नसेल तर उत्तम कारकुनी सावकाराच्याच कामी येते. याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. हक्क आहे, पण वह्या खोट्या आणि नाक्यावरचा माणूस विकाऊ असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. पहिली गोष्ट स्वातंत्र्याने मिळते. दुसरी मात्र प्रत्येक पिढीतील शिक्षकाने, कारकुनाने आणि विद्यार्थ्याने रोजच्या कामातून मिळवावी लागते.

१ जुलै १९९७ रोजी ९९ वर्षांचा पट्टा संपून हाँगकाँग चीनकडे परत गेले. त्याच दिवशी सरहद्दीपलीकडील कौलून जकात केंद्राचे नाव बदलून शेनझेन असे झाले. हार्ट यांनी १८८७ साली उघडलेल्या केंद्राचे नाव एकशे दहा वर्षे टिकले होते. हाँगकाँग आजही वेगळा जकात प्रदेश आहे आणि त्या सीमेवर आजही माल तपासला जातो. फरक एवढाच की दर कोणी ठरवावा आणि किल्ली कोणी ठेवावी, हे आता तिसरा कोणी सांगत नाही.